थंड पाण्यातला पाहुणा: हिमालयातला ट्राउट आणि त्याचा गळ



आजचा विषय मासेमारीचा आहे, पण कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मासेमारीचा नाही. हिमालयातल्या बर्फाच्या पाण्यात ट्राउट नावाचा एक मासा राहतो. तो गळाला कसा लावायचा, हे आज सांगणार आहे. "हा इतिहासाचा विषय कसा?" असं कोणी विचारील. तर हा मासा मुळात आपला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी काश्मीरच्या एकाही ओढ्यात तो नव्हता. तो कोणीतरी आणला, आणि त्याला पकडायची जी रीत आज पहलगामचा शाळकरी पोरगाही जाणतो, ती त्याच्या मागोमाग आली. त्यामुळे तंत्र समजून घ्यायचं तर तो इथं पोचला कसा आणि टिकला कुठे, हे आधी पाहावं लागतं. फौजेतल्या नोकरीत काश्मीर आणि कुलूकडे मला या माशाच्या मागे पुष्कळ हिंडायला मिळालं. बाकीचं वाचून जमवलं.

एक गैरसमज मात्र आधी दूर करतो. गळ टाकून मासा पकडणं ही साहेबाची करमणूक, ती साहेबानेच आपल्याला शिकवली, असं क्लबात बसून बोलणारे लोक मी खूप ऐकले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा राजा, याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात म्हणून मराठीचे अभ्यासक तो जाणतात. पण त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचा एक अध्याय आहे, तिकडे फार कोणी फिरकत नाही. तीसहून अधिक जातींचे मासे, समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणतं खाणं आवडतं, मासे जमावेत म्हणून ठरावीक जागी आधी चारा कसा टाकत राहायचा, काठी कशी, दोर कसा, हे सगळं राजाने लिहून ठेवलं आहे. साहेबाच्या भाषेतलं गळावरचं सर्वात जुनं छापील पुस्तक १४९६ सालचं. म्हणजे आपला सोमेश्वर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. साहेबाचे उपकार मानायचे तर मासा आणल्याचे मानू, गळाचे नकोत.

आता माशाकडे वळू. हिंदुस्थानात ट्राउटच्या मुख्य दोन जाती आहेत. एक तपकिरी ट्राउट, हा मूळ युरोपातला. अंगावर काळे-लाल ठिपके, स्वभावाने अतिशय सावध. दुसरा इंद्रधनुषी ट्राउट, ज्याला सगळे रेनबो म्हणतात. तो मूळ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या नद्यांतला. त्याच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो. दोघांची गरज एकच, थंड आणि वाहतं पाणी. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंश सेल्सियसच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. आपल्या रोहू-कटल्याला तेवढा पुरतो, ट्राउटला पुरत नाही. दहा ते अठरा अंशांत तो खूश असतो. वीस ओलांडले की खाणं सोडतो, आणि त्याच्या बरंच वर गेलं की मरतो.

इंदूरच्या एका मित्राने मला विचारलं होतं, की ब्रिटिशांनी मग महाबळेश्वरला ट्राउट का नाही सोडले? उत्तर या आकड्यांतच आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जेमतेम १,३५० मीटर. आपलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, आणि तेही शिखर, तिथं नदी कुठली. एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीतले ओढे एकतर आटतात, नाहीतर तापतात. ट्राउटला बारमाही थंडावा लागतो. दक्षिणेत तो फक्त निलगिरी आणि मुन्नारच्या वरच्या पठारांवर मिळतो, कारण तिथं दोन हजार मीटरच्या वर बारमाही वाहणारे ओढे आहेत.

तर मग त्याला इथवर आणायचं कसं? गळाच्या आधीचं खरं तंत्र हेच होतं, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वात कठीण भागही हाच. जिवंत मासा जहाजावर महिना-दीड महिना, विषुववृत्ताच्या उन्हातून आणणं अशक्यच. म्हणून अंडी आणायची. ट्राउटचं अंडं वाटाण्याएवढं, नारिंगी रंगाचं असतं. ते फलित झाल्यावर काही दिवसांनी आतल्या पिल्लाचे डोळे दोन काळ्या टिपक्यांसारखे दिसू लागतात. ही अवस्था येण्याआधी अंडं हलवलं तर मरतं, ती आल्यावर मात्र ते बरेच धक्के सोसतं. आणि पाणी जितकं थंड, तितकं ते उशिरा फुटतं. दहा अंशाच्या पाण्यात रेनबोचं अंडं साधारण महिनाभरात फुटतं, पण बर्फाजवळ ठेवलं तर ते थांबूनच राहतं. म्हणजे बर्फ लावून तुम्ही अक्षरशः वेळ विकत घेता. १८६४ साली 'नॉरफोक' नावाच्या जहाजातून इंग्लंडची अंडी टास्मानियाला गेली, ती याच युक्तीने. लाकडी पेट्यांत ओलं शेवाळ, शेवाळात अंडी आणि भोवती टनावारी बर्फ. जहाज पोचेपर्यंत पुष्कळ अंडी मेली, पण जी जगली त्यांतून तिकडच्या ट्राउटची सुरुवात झाली.

आपल्याकडे पहिली खटपट त्याच दशकात झाली. मद्रास फौजेतले एक डॉक्टर होते, फ्रान्सिस डे. पुढे 'फिशेस ऑफ इंडिया' हा हिंदुस्थानी माशांवरचा आधारग्रंथ ज्यांनी लिहिला, तेच हे. त्यांनी निलगिरीत ट्राउट रुजवायचा प्रयत्न केला, तो फसला. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला, त्याआधीची ही गोष्ट. बर्फ पुरत नव्हता, वाट लांब होती, आणि बंदरावरून डोंगरावर चढेपर्यंत मद्रासचं ऊन. निलगिरीचा प्रश्न सुटायला आणखी चाळीस वर्षं गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन नावाच्या मद्रास सरकारच्या मत्स्यतज्ज्ञाने तपकिरी ट्राउटचा हट्ट सोडला आणि रेनबो आणला. रेनबोला थोडं उबदार पाणी चालतं. उटीजवळच्या अवलांची इथं अंडी उबवायचं केंद्र झालं, आणि रेनबो तिथं टिकला. माझ्या लेखी विल्सनची हुशारी यात आहे, की त्याने आपल्याला आवडणारा मासा न आणता पाण्याला चालणारा मासा आणला.

काश्मीरची गोष्ट अधिक रंगतदार. महाराजा प्रतापसिंहांच्या काळात श्रीनगरमध्ये फ्रँक मिचेल नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ गालिच्यांचा कारखाना चालवत होता. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट म्हणून दिलेली अंडी काश्मीरकडे निघाली आणि वाटेतच मेली. पण मिचेल हरणारा नव्हता. पुढच्याच वर्षी, १९००च्या डिसेंबरात, स्कॉटलंडहून दुसरी खेप श्रीनगरला जिवंत पोचली. त्या काळी रेल्वे रावळपिंडीपर्यंत. तिथून पुढे मरी, कोहाला, बारामुल्ला अशी टांग्याची वाट, झेलमच्या काठाकाठाने. डिसेंबर महिना मिचेलने विचार करून निवडला असावा असं मला वाटतं, कारण त्या वाटेवर डिसेंबरात बर्फ वेगळा न्यावा लागत नाही. काही पिल्लं त्याने दाचीगामच्या बाजूला ठेवली, काही चक्क आपल्या गालिच्याच्या कारखान्याच्या आवारात वाढवली. पुढे हरवानला रीतसर केंद्र झालं, संस्थानाचं मत्स्य खातं उभं राहिलं आणि मिचेल त्याचा मानद प्रमुख झाला. हरवानची पिल्लं मग लिद्दरमध्ये, सिंध नाल्यात, ब्रिंगीमध्ये आणि पार गिलगिटच्या ओढ्यांत गेली. कुलूमध्ये १९०९ साली जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याने काश्मीरहूनच अंडी नेली आणि कटराईनला, बियासच्या काठी, केंद्र काढलं.

या दोघांनी आपापले अनुभव लिहून ठेवले, आणि ते छापून आले आपल्या मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये. मुंबईकरांनो, हिमालयातल्या ट्राउटच्या जन्माचे कागद तुमच्या शहरात आहेत.

आता गळ. इथं मी जरा सावकाश जाणार आहे.

ट्राउट वाहत्या पाण्यात नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. प्रवाहच त्याचं खाणं घेऊन येतो आणि प्रवाहच त्याच्या कल्ल्यांतून प्राणवायू नेतो. पण जोरदार धारेत उभं राहायला शक्ती लागते. म्हणून तो अशी जागा शोधतो, जिथं स्वतः संथ पाण्यात राहता येईल आणि हातभर अंतरावरून जोराची धार खाणं घेऊन जात असेल. मोठ्या दगडाच्या मागे. दगडाच्या पुढेही, कारण तिथं पाणी आपटून थोडं थांबतं. काठ आतून पोखरला गेला असेल तर त्याच्या सावलीत. डोहात जिथं खळाळ संपून पाणी शिरतं तिथं, आणि संध्याकाळी डोहाच्या शेपटीला, जिथं पाणी उथळ आणि गुळगुळीत होतं. नदीवर पोचल्यावर या जागा आधी नजरेने टिपायच्या. गळ नंतर.

मी पायदळातला माणूस. मला हे शिकायला सोपं गेलं, कारण त्याची भाषा ओळखीची होती. शत्रू कुठे तोंड करून बसला आहे, त्याला काय दिसतं, डेड ग्राउंड कुठे, आपण स्कायलाइनवर दिसतो का, हेच प्रश्न. ट्राउटला मागचं दिसत नाही, म्हणून खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट दिशेने त्याच्याकडे जायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे पाण्याबाहेरचं सगळं आकाश त्याला सुमारे ९७ अंशांच्या शंकूत गोळा झालेलं दिसतं. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला आलाच. खाली बसलेला माणूस सहसा येत नाही. म्हणून चांगला गळकरी गुडघ्यांवर मासे पकडतो. पायांचा आवाज तर तो अंगानेच ऐकतो. वाळूत चाला, दगडावरून दगडावर उड्या मारू नका.

लिद्दरवर एक म्हातारे शिकारी होते. काश्मीरमध्ये गळकऱ्याबरोबर जाणाऱ्या वाटाड्याला शिकारी म्हणतात. आमच्या मेसमधला एक तरुण कॅप्टन नवी कोरी काठी घेऊन त्यांच्याबरोबर गेला. मीही होतो. बाबांनी त्याला पाण्यापासून दहा-बारा पावलं मागे बसवलं आणि काठी आपल्या मांडीवर घेतली. "जनाब, पहले देखिए," एवढंच म्हणाले. पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. पंधरा मिनिटांनी त्या पोराला दिसलं, की समोरच्या दगडाच्या डाव्या कडेला पाणी दर थोड्या वेळाने किंचित फुगतं आणि एक लहान वर्तुळ उठतं. मासा पहिल्यापासून तिथंच होता. चटकन गेलो असतो तर त्याच्या डोक्यावरच पाय पडला असता.

ते वर्तुळ कशाचं, हे कळलं की माशी का वापरतात तेही कळतं. हिमालयातल्या ओढ्यांत दगडांच्या खाली असंख्य अळ्या राहतात. त्या वर्षभर पाण्यात वाढतात, मग एके दिवशी वर येऊन पंख फुटून उडतात, काही तासांत अंडी घालतात आणि मरतात. ट्राउटचं मुख्य जेवण हेच. एक दगड उचलून उलटा करून बघा, खाली काय चिकटलं आहे ते दिसेल. त्याच आकाराची, साधारण त्याच रंगाची पिसांची माशी गळावर बांधायची. ही युक्तीही फार जुनी. इलियन नावाचा रोमन लेखक इसवी सन २००च्या सुमारास लिहितो, की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि ठिपक्यांचे मासे पकडतात. अठराशे वर्षांत बांधणी सुधारली असेल, कल्पना तीच.

पिसांचा विषय निघाला आहे तर एक आपल्या घरची गोष्ट सांगतो. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा आहे, त्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. विलायतेतल्या माश्या बांधणाऱ्यांना या पिसांनी वेड लावलं. किती कोंबडे त्यापायी गेले कोणास ठाऊक. सह्याद्रीचं आणि दक्षिणेतल्या जंगलांचं पीस बोटीतून स्कॉटलंडला जायचं, तिथं गळावर बांधलं जायचं, आणि साहेबाच्या पेटीतून स्कॉटिश ट्राउटसाठी पुन्हा काश्मीरला यायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा पक्षी संरक्षित आहे. आता पाश्चात्त्य देशांत त्या पिसांसाठी तो पाळतात. तुम्ही माश्या बांधणार असाल तर गावठी कोंबड्याचं पीस पुरे. मासा पासपोर्ट तपासत नाही.

पिसाच्या माशीला वजन नसतं. नेहमीच्या गळात आमिष आणि शिसं दोराला ओढत नेतं, इथं उलट, दोर जड असतो आणि तो माशीला नेतो. म्हणून काठीच्या त्या मागेपुढे होणाऱ्या फेऱ्या. नवशिक्याला वाटतं दोर लांब फेकणं म्हणजे कौशल्य. काश्मीर-कुलूच्या ओढ्यांत आठ-दहा मीटरच्या पलीकडे फेकायची वेळ क्वचित येते. महत्त्वाचं हे, की माशी प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. पाण्याच्या मधल्या धारेने दोर ओढला की माशी पाण्यापेक्षा जोरात पळू लागते, आणि खरी माशी अशी पळत नाही हे ट्राउटला पक्कं ठाऊक आहे. त्यासाठी दोर पाण्यावर पडल्यावर काठीने त्याचा मधला भाग वरच्या अंगाला उचलून टाकायचा. हे जमायला एक हंगाम जातो. बुडणारी माशी असेल तर थोडी सूट मिळते: ती आडवी, खालच्या दिशेला टाकून प्रवाहात कमानीसारखी फिरू द्यायची, आणि कमान संपताना क्षणभर थांबायचं. पुष्कळ मासे त्या थांबण्याच्या क्षणीच लागतात. 'बुचर', 'पीटर रॉस' अशा नावांच्या बुडणाऱ्या माश्या काश्मीरमध्ये पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत.

कुठल्या वेळी जायचं, हे मात्र विलायती पुस्तकांत सापडणार नाही. स्कॉटलंडमध्ये सकाळी काय आणि दुपारी काय, नदी तीच. हिमालयात मे ते जुलै नदी दिवसातून दोनदा बदलते. रात्री वर बर्फ गोठतं, म्हणून पहाटे पाणी कमी आणि निवळ असतं. ऊन चढलं की बर्फ वितळू लागतं, आणि ते पाणी काही तासांनी खाली पोचतं. दुपारनंतर नदी फुगते, राखेच्या रंगाची होते, आणि माशाला नाकापुढचं दिसत नाही. या महिन्यांत पहाटेच जायचं. वरची हिमनदी जितकी लांब, तितका दुपारचा लोंढा उशिरा येतो, हे स्थानिक माणूस बरोबर सांगतो. त्याला विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बर्फ सरलेलं, पाऊस थांबलेला, पाणी काचेसारखं. तेव्हा दिवसभर जाता येतं, पण तितकंच लपावंही लागतं. झऱ्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. कोकरनागकडचं पाणी जमिनीतून येतं, ते वर्षभर जवळजवळ एकाच तपमानाचं असतं, आणि म्हणूनच १९८०च्या दशकात युरोपच्या मदतीने मोठं ट्राउट केंद्र तिथं उभारलं गेलं.

मासा लागल्यावर घाई नको, पण खेळवत बसणंही नको. दमून गेलेला मासा सोडला तरी मरतो. काठी उभी, दोर ताणलेला, आणि माशाला संथ पाण्याकडे आणायचं. सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवून गार करा. कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे त्या जागी बुरशी धरते. तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निघेपर्यंत.

इथवर तंत्र झालं. पण या तंत्राबरोबर नदीवर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे मालकी. ओढ्याचे तुकडे पाडून त्यांना बीट म्हणायचं, एका बीटवर दिवसाला मोजकेच परवाने द्यायचे, अमुक बीटवर फक्त माशी, अमुक ठिकाणी चमचा चालेल, इतकेच मासे, इतक्या लांबीच्या खालचा परत पाण्यात, हिवाळ्यात सगळं बंद. हिमाचलमध्ये आजही १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण ते विणीचे दिवस. या नियमांशिवाय ट्राउट पंचवीस वर्षंही टिकला नसता, हे मी निःशंक सांगतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९७च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरवलं होतं, तेही योग्यच. पण काठावरच्या गावकऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्या आजोबाने टोपलीने, जाळ्याने, ओढा वळवून मासे धरले. एके दिवशी त्याच ओढ्यात परका मासा आला, आणि तो धरायला परवाना लागू लागला. परवान्याचे पैसे साहेबाला परवडणारे.

आणि जो मासा तो गावकरी आधीपासून धरत होता, त्याचं काय झालं? हिमालयाच्या थंड पाण्यातला आपला मूळ मासा म्हणजे शायझोथोरॅक्स कुळातला, ज्याला गढवाल-कुमाऊंकडे असेला म्हणतात. काश्मीरच्या या माशांचं शास्त्रीय वर्णन हेकेल नावाच्या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञाने १८३८ सालीच छापलं होतं. म्हणजे विज्ञानाला तो माहीत होता. तरीही साहेबाच्या लेखी हे ओढे 'रिकामे' होते, कारण त्यांत गळाला नीट झुंजणारा मासा नव्हता. तपकिरी ट्राउट मोठा झाला की मासेखाऊ होतो, दुसऱ्याची पिल्लं खातो, जागा बळकावतो. वरच्या थंड ओढ्यांत त्याने मूळच्या माशाला मागे रेटलं आहे. भीमतालच्या सरकारी संस्थेत थंड पाण्याच्या माशांवर १९८७पासून काम चालतं, आणि तिथं आता असेल्यासारख्या मूळच्या माशांची पैदास हाही विषय आहे. मला ट्राउट आवडतो, त्याच्यामागे मी आयुष्यातले कितीतरी रविवार घालवले. तरी ज्या ओढ्यांत तो अजून गेलेला नाही तिथं तो मुद्दाम सोडायला माझा विरोध आहे, आणि अशा प्रस्तावांवर मी तसं बोललो आहे.

नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये बीटवर गळ घेऊन येणारा पाहुणा जवळजवळ दिसेनासा झाला. आम्ही त्याच काठांवरून गस्त घालायचो, खांद्यावर काठी नव्हती. काही ओढ्यांत मासे वाढलेही असतील. पण जिथं राखणदार पोचत नव्हता तिथं ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारल्याचं मी पाहिलं. किलोभर पावडर, आणि खालच्या वळणापर्यंत सगळं पांढरं पोट वर. लहान पिल्लं, अळ्या, सगळं. जाळ्याने धरलं तर पिल्लं सुटतात. यात काहीच सुटत नाही. ओढा पुन्हा उभा राहायला वर्षं जातात, कारण आधी अळ्या परत याव्या लागतात.

आज चित्र पालटलं आहे ते एका वेगळ्याच कारणाने. १९८०च्या दशकाच्या अखेरीला नॉर्वेच्या मदतीने कुलूजवळ पतलीकुहलला ट्राउटच्या शेतीचं काम सुरू झालं. गोळीखाद्य कसं करायचं, सिमेंटच्या लांबट हौदातून वाहतं पाणी कसं फिरवायचं, हे तिथून शेतकऱ्यांपर्यंत गेलं. आता कुलू, मंडी, अनंतनागकडे सफरचंदाच्या बागेशेजारी असे हौद दिसतात. ज्या गावकऱ्याला परवान्याअभावी मासा धरता येत नव्हता, त्याचा नातू तोच मासा किलोवर विकतो. धोका आहेच. २०२३च्या जुलैमध्ये बियासला पूर आला, तेव्हा कुलूकडच्या ट्राउट शेतकऱ्यांचे हौद आणि मासे वाहून गेले. तरी ओढ्याचं वरचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून आता गावात भांडणारा माणूस आहे, आणि तो परवानेवाला साहेब नाही. विष टाकणाऱ्याला मी पाहिलेल्या एका गावात पोलिसांच्या आधी हौदवाल्यांनीच धरलं.

हिवाळ्यात कधी कुलूला गेलात तर गळ घेऊ नका, पण ट्राउट केंद्रावर जरूर जा. विणीच्या दिवसांत तिथं मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या वाडग्यात काढतात, त्यावर नराचं वीर्य, आणि दोन्ही हळूच ढवळतात. ढवळायला चमचा वापरत नाहीत, अंड्याला इजा होते. तिथं पक्ष्याचं पीस लागतं. मग थोडं पाणी घालून, धुऊन, अंडी थंड पाण्याच्या तबकांत ठेवतात, आणि मेलेली पांढरी अंडी रोज चिमट्याने वेचून काढतात. मिचेलच्या गालिच्याच्या कारखान्यात सव्वाशे वर्षांपूर्वी हीच वेचणी चालली असणार.

पुढच्या भागात महाशीर घेऊ. तो मासा आपलाच आहे, आणि त्याला पिसाची माशी फारशी लागत नाही.